सेकंदाचा वर्ग कसा काय होते?

प्रश्न : आर्णी तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. त्वरणाचं, म्हणजे वेग किती झपाट्यानं वाढतो त्याचं, सूत्र मुलांना पाठ आहे, मीटर प्रति सेकंद वर्ग हे एककही पाठ आहे, गणितंही सुटतात. पण परवा एकानं विचारलं, "मॅडम, मीटर समजते, सेकंदबी समजते, पण सेकंदाचा वर्ग कसा काय होते?" शाळेत ना ट्रॉली, ना स्टॉपवॉच. काय करून दाखवू?

उत्तर : ताई, त्या पोट्ट्याचा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा. त्वरणाचा सगळा धडा त्यात आहे.

माझी नोकरी दारव्हा-दिग्रसकडच्या शाळांत झाली. तिथं मी उतारावरून कंचा सोडायचा प्रयोग विजेच्या दुकानातल्या केसिंग पट्टीवर (वायर झाकायच्या खोबणीच्या पट्टीवर) घेत असे. दोन मीटरची पट्टी घ्या, झाकण काढा, व्हरांड्यात ठेवा. एका टोकाखाली साधारण सहा सेंटीमीटर उंचीच्या वह्या द्या. मधोमध तीन सेंटीमीटरचा टेकू हवाच, नाहीतर पट्टी झोल खाते आणि उतार सारखा राहत नाही. वरून काचेचा कंचा सोडायचा, ढकलायचा नाही.

वेळेसाठी खंजिरी. आपल्याकडे तुकडोजी महाराजांच्या भजनात बसणारं एखादं पोरगं वर्गात असतंच. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत त्यानं सेकंदाला एक थाप द्यावी. कंचा सुटतो ती थाप शून्य. मुलं तिलाच एक धरतात आणि सगळं चुकतं, तेवढं सांभाळा. पुढच्या प्रत्येक थापेला कंचा जिथं असेल तिथं पट्टीला लागून खडूचा तुकडा ठेवायचा. थाप आणि कंचा जुळेपर्यंत तुकडे सरकवत राहायचं. यात वेळ जातो, जाऊ द्या. कान फार बारीक चूक पकडतो.

मग मोजा. खुणा १०, ४०, ९०, १६० सेंटीमीटरच्या आसपास येतील. एक-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे होणारच, आकडे ओढूनताणून बसवू नका. आता दोन खुणांमधलं अंतर काढायला लावा : १०, ३०, ५०, ७०. हा त्या-त्या सेकंदातला सरासरी वेग. तो दर वेळी किती वाढला? २०. म्हणजे वेग सेकंदाला २० सेंटीमीटरनं वाढला, आणि ही वाढ दर सेकंदाला झाली. एक सेकंद वेगातला, दुसरा वाढीतला. झाला सेकंदाचा वर्ग, आणि तो पोरांनी स्वतः मोजला.

१, ३, ५, ७ हे प्रमाण गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात आहे. त्याच्याकडेही स्टॉपवॉच नव्हतं. भांड्याच्या बारीक तोटीतून पडलेलं पाणी तोलून तो वेळ मोजत असे. हे मुलांना जरूर सांगा, त्यांचा धीर वाढतो.

दुसऱ्या तासाला टोकाखालच्या वह्या आणि मधला टेकू, दोन्हींची उंची दुप्पट करा. दर सेकंदाची वाढही जवळपास दुप्पट होते. मग कंच्याएवढीच पोलादी गोळी सोडा. जड म्हणून ती जोरात जाईल असं बहुतेक मुलं सांगतील. त्यांना आधी तसं वहीत लिहू द्या आणि मगच गोळी सोडा. खुणा जवळपास त्याच जागी येतात. सूत्र फळ्यावर यायचं ते यानंतर.