पियानोची रचना ट्रॉम्बोनसाठी बांधताना
पहिल्या प्रयत्नासाठी तुम्ही जर्मन संगीतकार शुमानची 1838 मधील पियानो-रचना ‘ट्रॉयमेराय’ निवडा, कारण तिची सुरावट संथ आणि गेय आहे. ट्रॉम्बोनसाठी (सरकत्या नळीचे फुंकवाद्य) ती एक सप्तक खाली आणली, तरी मूळ एफ मेजरमध्ये (एफ हा आधारस्वर असलेल्या पट्टीत) तिचा सर्वोच्च स्वर मध्य सीच्या वरच्या ए वर जातो, आणि तो हळुवार वाजवताना नवख्या वादकाची दमछाक होते. ई-फ्लॅट मेजरमध्ये हेच शिखर एक स्वर खाली, जी वर येते.

खरे कष्ट मात्र साथ करणाऱ्या पियानोच्या भागावर घ्या. खाली उतरलेली सुरावट मधल्या स्वरांत हरवते, आणि साथीचा खर्ज तिच्या वर राहिला तर स्वरसंगतीचा पायाच बदलतो. म्हणून खर्ज नेहमी तिच्याखाली ठेवा, मधले स्वर विरळ करा आणि त्यांतील काही उजव्या हाताला वरच्या सप्तकात द्या. पियानोने सुरावटीची सतत पुनरुक्ती करू नये, कारण त्याने सुरांतला किरकोळ फरकही कानाला खुपतो.

श्वासाच्या जागा स्वरलिपीत तुम्हीच दाखवा आणि तेथे साथीला हालचाल द्या. जोडून वाजवायच्या स्वरांत स्लाइडची (सरकत्या नळीची) नकोशी मींड टाळण्यासाठी जिभेचा मऊ आघात लागतो, त्यामुळे शोपँच्या नॉक्टर्नसारख्या (रात्रीच्या भावाच्या पियानो-रचना) रचनांतील जलद अलंकार पियानोकडेच सोपवणे मला योग्य वाटते.