ऑईल कूलर नंतर, आधी इंजिनाभोवतीचं रबर बघा

तुमचा प्रश्न असा: सत्तरच्या दशकातली एअर-कूल्ड फोक्सवॅगन कॅम्पर नागपुरात चालवता, उन्हाळ्यात वर्धा रोडवर बुटीबोरीच्या पुढे गेलं की ऑईल टेंपरेचरचा काटा चढतो, आणि मेकॅनिक जादा ऑईल कूलर लावायला सांगतोय. माझं ऐका, कूलरवर पैसे घालण्याआधी इंजिनाभोवतीची रबरी सीलं तपासा.

या गाडीत पाणी नाही, रेडिएटर नाही. पंखा इंजिन रूममधली हवा ओढतो, सिलिंडर आणि हेडवरून (सिलिंडरच्या टोकाचं झाकण) खाली ढकलतो. खाली सायलेन्सर, हीट एक्सचेंजर (एक्झॉस्टच्या उष्णतेवर गाडीच्या हीटरची हवा तापवणारा भाग) आणि तापलेलं डांबर. वरची हवा वर, खालची खाली राहावी म्हणून मधे पत्रा असतो आणि पत्रा-बॉडीमधली फट रबर बुजवतं. रबर फाटलं की खालची भाजकी हवा वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. नवतपात बाहेरच ४५ अंश असताना वर हा मार!

जादा कूलर फक्त ऑईल गार करतो. हेडची उष्णता प्रामुख्याने हवेनंच न्यायची असते. काटा खाली येईल, तुम्ही निर्धास्त व्हाल आणि आत हेडमधले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा, जळत राहतील. मला खरी भीती याचीच वाटते.

तपासणी सोपी आहे. रात्री, इंजिन थंड असताना, गाडीखाली एलईडी दिवा सरकवा, आजूबाजूचे दिवे मालवा आणि मागचं झाकण उघडून वरून बघा. कडेनं उजेडाची रेघ दिसली की तिथलं रबर गेलं. प्लगच्या वायरी पत्र्यातून आत जातात तिथल्या रबरी टोप्याही चाचपा. त्या कडक होऊन तडकल्या की पंख्यानं दाबलेली हवा सिलिंडरवर न जाता तिथूनच पळते. पत्र्याचे गळालेले स्क्रू आणि उघडी भोकंही बंद करा.

फटीत गादीचा फोम कोंबू नका. तो तेल-पेट्रोल पितो आणि पेट घेतो. याच मॉडेलचं खाचेचं सील मागवा, ते इंजिन उतरवलेलं असतानाच नीट बसतं. इंजिन खाली आहेच तर पेट्रोलचे जुने पाइपही त्याच दिवशी बदलून टाका, यात अजिबात चालढकल नको.

एवढं करूनही काटा चढला तर टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) आणि कार्ब्युरेटर बघा. कूलरचा विचार त्यानंतर.