नागपूरच्या उन्हात घरामागे वर्कशॉप आणि गॅरेज: पत्र्याचा शेड टाकून एसी लावला तर चालेल काय?

तुमचा प्रश्न असा की, घरामागे 20 बाय 35 फुटांची मोकळी जागा आहे, त्यात कार, मोटरसायकल आणि सुतारकाम-वेल्डिंगचा शौक असं सगळं एका शेडखाली बसवायचं आहे; पत्रे टाकून दीड टनाचा एसी लावला की भागेल काय.

नाही भागणार. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले, तो दिवस सोडा. पण 44-45 म्हणजे आपला साधा मे महिना. त्या उन्हात उघडा पत्रा साठ-पासष्टच्या पुढे तापतो आणि दिवसभर खाली उष्णता फेकत राहतो. एसी हवा गार करेल, डोक्यावरच्या पत्र्याचं तो काही करू शकत नाही. शिवाय शटरच्या फटी, भुसा, ग्राइंडरची धूळ. एसीची जाळी आठवड्यात भरते. माझं घरामागचं वर्कशॉप याच शहरात आहे, मी त्यात एसीशिवाय मे महिन्यातही काम करतो, आणि माझं म्हणणं एवढंच की एसीसाठी काढलेले पैसे छपरात घाला. मशीन नंतर घेता येतात. छप्पर एकदा चढलं की ते उतरवून पुन्हा कोणी करत नाही.

छपराची उंची आधी ठरवा. फॅब्रिकेटर आठ-नऊ फुटांवर पत्रा ठोकून मोकळा होतो, कारण पाइप कमी लागतो. तुम्ही कडेला किमान 11 आणि मध्यावर 14 फूट सांगा. गरम हवा वर जाऊन थांबायला जागा पाहिजे, आणि तिथून बाहेर पडायला वाटही पाहिजे. त्यासाठी माथ्यावर दोन टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर ओढणारे गोल पंखे, बसवा, पण त्यांना खालून हवा मिळाली तरच ते ओढतात. उत्तरेच्या भिंतीत जमिनीपासून फूटभर वर जाळीचे झरोके ठेवले नाहीत तर ते नुसते शोभेला फिरतात. जाळी बारीक घ्या, नाहीतर पावसाळ्यात विंचू आत.

पैसे असतील तर 50 मिलिमीटरचे पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार पॅनल) टाका, प्रश्नच मिटला. नसतील तर पांढरे किंवा अगदी फिके रंगीत पत्रे घ्या आणि त्याखाली चकचकीत फॉइल लावलेला फोम ताणून बसवा. इथे बहुतेक कारागीर एक गोष्ट हमखास चुकवतात: फोम पत्र्याला चिकटवून टाकतात. चकचकीत बाजू आणि समोरचा भाग यांच्यात इंचभर तरी मोकळी हवा राहिली पाहिजे, कारण फॉइल उष्णतेचं प्रारण अडवतं आणि त्यासाठी ती पोकळी लागते. चिकटून बसलं की त्याचा उपयोग जवळपास संपतो. गडद निळे आणि विटकरी पत्रे दिसायला छान असतात, ते शेजाऱ्याला घेऊ द्या. पांढऱ्यावर धूळ बसली की तोही तापू लागतो, म्हणून मार्चमध्ये एकदा पाइप लावून धुवायचा. सिमेंटचा पत्रा लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतो हे खरं, पण आपल्याकडच्या जुन्या-नव्या बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतो. वर्कशॉपमध्ये कधीतरी छपराला भोक पाडावंच लागतं, आणि ती धूळ छातीत जाणं बरं नाही. कवेलूचं (कौलांचं) छप्पर सगळ्यांत सुखाचं, पण वानरं ते टिकू देत नाहीत आणि कवेलू फेरणारे आता मिळत नाहीत.

आता मांडणी. गाडी आणि काम एका खोलीत ठेवू नका. गाडीला आपल्या हवेत भिंतींची गरजच नसते; तिला सावली आणि वारा पुरतो. म्हणून 35 फुटांतले 18 फूट गाडीसाठी नुसता मांडव करा, तीन बाजू मोकळ्या, आणि उरलेल्या 17 बाय 20 मध्ये भिंती घालून वर्कशॉप. जागेची लांबी पूर्व-पश्चिम असेल आणि रस्ता अडचणीचा नसेल तर हा मांडव पश्चिमेला घ्या. दुपारी दोन ते सहाचं जीवघेणं ऊन मग गाडीच्या छपरावर पडतं आणि वर्कशॉपची पश्चिम भिंत सावलीत राहते. एवढ्या एका गोष्टीने आतला जो फरक पडतो तो कोणत्याही पंख्याने पडत नाही. पश्चिमेला खिडकी नको, शटरही नको. ती भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीट ब्लॉकची करा, त्यातून उष्णता सावकाश येते. मात्र त्या ब्लॉकमध्ये अँकर नीट धरत नाही, तेव्हा जड रॅक आणि शेगड्याचा (व्हाइसचा) बाक दुसऱ्या भिंतीला किंवा जमिनीवर उभ्या केलेल्या चौकटीला जोडा. बाकीच्या भिंती राखेच्या विटांच्या चालतील, कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या कृपेने त्या इथे मुबलक आहेत. खिडक्या उत्तरेला, लांबलचक, कामाच्या बाकावर उजेड पडेल अशा. जूनमध्ये आपल्याकडे भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे कलतो, त्यासाठी दोन फुटांचा छज्जा पुरतो.

गाडीखाली शिरून काम करायला खड्डा करायचा मोह होईल. नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचून राहते. शिवाय पावसात पाणी आणि उन्हाळ्यात गारव्याला आलेले साप. रॅम्प आणि जॅक स्टँड घ्या.

फरशीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण विदर्भात निम्मी वर्कशॉपं इथेच फसतात. प्लॉटला काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर ओतलेलं काँक्रीट दोन वर्षांत तडकतं आणि टेबल सॉ डुगडुगायला लागतो. काळी माती काढा, मुरूम थराथराने पाणी मारून धुमसून भरा, मग चार-पाच इंच काँक्रीट. फरशी भिंतीपासून सुटी ठेवा आणि साधारण दहा-दहा फुटांवर काप द्या, म्हणजे तडा जायचाच असेल तर तो कापातच जाईल. मांडवाकडे शंभराला एक असा उतार. बाहेरून तीन फुटांची फरसबंदी सगळीकडून, पाणी पायाशी मुरू नये म्हणून. काँक्रीट संध्याकाळी ओता आणि मातीचे आळे करून पाणी धरून ठेवा. भारतीय मानक 456 प्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटला किमान 10 दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला 14 दिवस ओलावा द्यायला सांगितलं आहे. दुकानात आज मिळतं ते बहुतेक राखमिश्रितच, तेव्हा 14 धरा. कंत्राटदार चौथ्या दिवशी पाइप गुंडाळायला लागतो.

वीज. सर्किट ब्रेकर साधारण 30 अंशांच्या हवेसाठी जुळवलेला असतो. तो पश्चिमेच्या भिंतीवर लोखंडी पेटीत ठेवला की पेटीच्या आत पन्नासच्या वर जातं आणि तो विनाकारण पडू लागतो. मग इलेक्ट्रिशियन मोठा ब्रेकर घालून देतो आणि आता वायर जळायला मोकळी होते. डीबी (ब्रेकरची पेटी) उत्तर किंवा पूर्व भिंतीवर घ्या. वायरच्या क्षमतेचे आकडे आपल्याकडे 40 अंश धरून दिलेले असतात, त्यामुळे छपराखालून जाणारी वायर नेहमीपेक्षा एक माप जाड: 16 अँपिअरच्या सॉकेटला 4 स्क्वेअर मिलिमीटरची, वेल्डिंगला स्वतंत्र लाइन. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पाहिजेच, कारण घामाने भिजलेला हात आणि कूलरचं पाणी दोन्ही इथे आहेत. आणि अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात आकसली की अर्थिंगच्या पाइपभोवती फट पडते आणि नेमकी गरजेच्या वेळी अर्थिंग नावापुरती उरते. खड्ड्यावर झाकण ठेवा आणि मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. मी तुळशीला पाणी घालताना तिथेही घालतो, वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनच्या पाटीवर जो ड्यूटी सायकल (मशीन किती वेळ चालवून किती वेळ थांबवायची ते प्रमाण) लिहिलेला असतो तो सहसा 40 अंशांच्या हवेसाठी. मे महिन्यात ती लवकर गरम होऊन थांबते. मशीन बिघडली म्हणून दुकानदाराकडे पळू नका, तिला बसू द्या. कॉर्डलेस ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्याही 40 च्या वर चार्ज करू नयेत असं बहुतेक कंपन्या पुस्तिकेत लिहितात. त्या घरात नेऊन रात्री चार्ज करा. कॉम्प्रेसर बाहेर उत्तरेच्या सावलीत, जाळीच्या पेटीत. आवाजही बाहेर राहतो.

मग थंडाव्याला काय? कूलर. आपला मे महिना कोरडा असतो म्हणून साधा वुडवूलचा कूलर बाहेरच्या 44 ची आत तीसच्या आसपास हवा करून देतो, समोरची खिडकी उघडी असेल तर. बंद खोलीत कूलर लावणारे लोक मी पाहिलेत, त्यांना दमट घाम मिळतो. पण कूलर आणि वर्कशॉप यांचं एक वैर आहे. ती ओली हवा बिडाच्या टेबलावर, रंध्याच्या पात्यावर, पटाशीवर रात्रीतून गंज आणते. म्हणून कूलर माणसाकडे तोंड करून, मशीनकडे पाठ. काम संपायच्या अर्धा तास आधी पंप बंद, नुसता पंखा चालू. टेबलांवर मेणाचा पातळ हात, हत्यारं तेलाच्या फडक्यात आणि दाराच्या कपाटात. मिग वेल्डिंग (गॅसच्या आवरणात तारेने होणारं) करणार असाल तर कूलरचा झोत वेल्डिंगचा गॅस उडवून लावतो आणि जोडात छिद्रं पडतात. तेवढा वेळ बंद करा. रॉडच्या वेल्डिंगला त्याचा विशेष त्रास नाही. मात्र रॉड पावसाळ्यात हवाबंद डब्यात.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की कूलर निरुपयोगी होतो. तेव्हा छताचा पंखा, उघड्या खिडक्या आणि माथ्यावरचे ते टर्बो, एवढंच साधन.

लाकडाचं गणितही याच दोन ऋतूंचं आहे. मे महिन्यात हवा कोरडी ठक्क असते, ऑगस्टमध्ये ओली गच्च. लकडगंजच्या आरामशीनवरून आणलेलं सागवान, मग ते आलापल्लीचं असो की बल्लारशाच्या डेपोचं, तुमच्या शेडमध्ये आडवं, पट्ट्या घालून काही आठवडे ठेवा आणि मगच कापा. मे महिन्यात केलेल्या ड्रॉवरला वर फट सोडा, नाहीतर नागपंचमीला तो उघडणार नाही. पांढरा फेविकॉल 42 अंशांत साय धरतो, त्यामुळे मोठी जोडणी पहाटेच. दोन भागांचा इपॉक्सी उन्हात निम्म्या वेळात घट्ट होतो, थोडा थोडा कालवा. एनसी लॅकर (लाकडावरचं झटपट सुकणारं पॉलिश) मे महिन्यात फवारताना वाटेतच सुकून खरबरीत बसतो, तिथे रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रावण) घाला. आणि ऑगस्टमध्ये तोच पांढरट पडतो, तेव्हा त्या महिन्यात पॉलिश हाती घेऊच नका.

थिनर, टर्पेंटाइन आणि पेट्रोल यांबद्दल मात्र मी कडक आहे. टर्पेंटाइन साधारण 35 अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडायला लागतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात ते शेल्फवर ठेवल्या ठेवल्याच धोक्याच्या पट्ट्यात असतं. पेट्रोलला तर ऋतू लागत नाही. लिटर-दीड लिटरपेक्षा जास्त ठेवू नका, तेही लोखंडी डब्यात, वर्कशॉपबाहेरच्या सावलीतल्या छोट्या कपाटात. तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, बाहेर एकेक पसरून वाळवायची. जवसाच्या तेलाची चिंधी आपली आपण पेटते.

तुमच्या शरीराचंही वेळापत्रक ठरवा. नवतपात, म्हणजे मे अखेरीपासूनच्या नऊ तापत्या दिवसांत, मी सकाळी साडेपाच ते दहा काम करतो, नंतर शटर खाली. दुपारी दोनला टेबल सॉवर उभं राहिलेल्या माणसाचं लक्ष कुठे असतं ते सांगायला नको. पन्हं, मीठ-साखरेचं पाणी, डोक्याला ओला दुपट्टा. फिरत्या मशीनजवळ मात्र दुपट्टा गळ्यात लोंबता नको, घट्ट बांधा.

एवढं करूनही एसी हवाच असेल तर वर्कशॉपच्या पूर्व कोपऱ्यात 8 बाय 10 ची प्लायची बंद खोली करा, नक्षीकाम आणि मोजमापाच्या कामासाठी. तिला एक टन भरपूर होतो, आणि तो भुशापासून वाचतो. पण हे पहिला उन्हाळा काढल्यावर ठरवा.

काम दिवाळी झाली की काढा. पाया आणि फरशी थंडीत, छप्पर होळीच्या आत. फॅब्रिकेटर एप्रिलची तारीख देत असेल तर दुसरा शोधा, कारण एप्रिलमध्ये तापलेल्या पाइपवर चढून पॅनल नीट जोडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.