आधी तिचा दिवस बघ

मुंबई

प्रिय पोरी,

अंगणवाडी सेविकांच्या राज्यभराच्या प्रशिक्षणाचं काम तुझ्याकडे आलं, फार बरं वाटलं. तुझं वेळापत्रकही पाहिलं. छत्तीस जिल्हे, एकच तक्ता, सगळीकडे जुलैचा दुसरा आठवडा. ते मोडून टाक.

हीच चूक मी केली आहे. कोकणात ऐन लावणीत तीन दिवस ठेवले. सभागृह, जेवण, साहित्य सगळं चोख, आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आल्या होत्या त्यांचंही लक्ष खिडकीबाहेरच्या पावसाकडे. मुंबईत पाऊस म्हणजे लोकलचा खोळंबा. तिथे तो वर्षाचा भात असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात लावणी उरकली की गणपतीच्या आधी बोलव. बीडला मात्र दिवाळीच्या आत. एकदा ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या की लेकरंही त्यांच्याबरोबर जातात, आणि त्यांच्या स्थलांतराची नोंद कशी करायची हे सेविकेला त्याआधी यायला हवं.

भाषेचंही तसंच. अंगणवाड्या चालवणारी ही एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हा आपल्या राज्यातल्या अगदी पहिल्या प्रकल्पांत धारावी होतं आणि मेळघाटातलं धारणीही. धारावीच्या एका गल्लीत तमिळ, हिंदी, मराठी, धारणीत कोरकू. तुझी पुस्तिका एकच. म्हणून प्रशिक्षक तिथलीच घे, मुंबईहून पाठवू नकोस.

प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून प्रकल्पाला, तिथून बीटच्या, म्हणजे काही अंगणवाड्यांच्या गटाच्या, मुख्य सेविकेकडे, मग सेविकेकडे. या उतरंडीत शब्द पोचतात, हात पोचत नाही. माझी सगळी काळजी इथेच आहे. दंडघेराची पट्टी, म्हणजे बाळाच्या दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची रंगीत पट्टी, सभागृहात बाहुलीला लावून शिकवतात. बाहुली रडत नाही.

धारावीत एका पोटमाळ्यावर मी एका सेविकेबरोबर गेले होते. आठ महिन्यांचं बाळ आजीच्या मांडीवर, हात सारखा ओढून घेणारं. बाईंनी त्याच्या उजव्या हातात चमचा दिला आणि थांबल्या. डावा हात सैल पडल्यावर खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मधोमध खूण केली, पट्टी टेकवली. आवळली नाही, लोंबूही दिली नाही. ११.४ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. पट्टी थोडी सैल राहिली असती तर ते बाळ पिवळ्यात गेलं असतं आणि कुणाला पत्ता लागला नसता.

मग त्यांनी आईला आहाराचा तक्ता वाचून दाखवला नाही. पातेल्याचं झाकण उघडून विचारलं, "यातलं बाळाला काय देतेस?" वरणाचं पाणी, आई म्हणाली. "आता तळाचं घट्ट वरण घे, भात कुस्कर, वर चमचाभर तेल सोड." आणि त्याच दुपारी मायलेकरांना घेऊन स्वतः दवाखान्यात गेल्या.

पातेल्याचं झाकण उघडून विचारणं कुठल्याच सत्रात शिकवलेलं नव्हतं. ते सत्रात आण. तीन दिवसांतला एक पूर्ण दिवस गृहभेटींना दे, खरी घरं, खरी बाळं. खर्चाच्या तक्त्यात तो दिवस बसत नाही म्हणून वरून नकार येईल; तेव्हा भाषणं काप, पण तो दिवस सोडू नकोस. आणि महिन्याभराने मुख्य सेविकेने प्रत्येकीच्या शेजारी उभं राहून एक माप बघावं, एवढी तरतूद आत्ताच कर.

त्या बाईंना तुझ्याबद्दल सांगून ठेवलं आहे. धारावीला कधी येतेस ते कळव. अकराच्या आत ये, नंतर त्या गृहभेटींना निघतात.

तुझी,
ताई