टीबीएमचा, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्राचा, ऑपरेटर होण्यासाठी कोणता सेफ्टी कोर्स करावा? सिम्युलेटरचं सर्टिफिकेट असलं की थेट यंत्रावर बसवतात का?

थेट बसवत नाहीत. आणि ज्या साइटवर बसवत असतील तिथे जाऊ नका.

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, मेट्रोच्या भुयारी कामावर जायचंय आणि कुणीतरी पाच दिवसांच्या सिम्युलेटर कोर्सची जाहिरात पाठवलीय. मी एवढं मोठं उत्तर लिहिणार नव्हतो. पण असंच एक सर्टिफिकेट माझ्याकडेही आहे, लॅमिनेशन केलेलं. ते मला कसं मिळालं हे सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

मी कराडचा, आयटीआय फिटर. मुंबईतल्या एका भुयारी कामावर लागलो तो सेगमेंटच्या (बोगद्याच्या अस्तराचे काँक्रीटचे तुकडे) गँगमध्ये. कंपनीचं नाव विचारू नका. पहिले आठ-नऊ महिने बोल्ट आवळणं, टेल स्किनमध्ये (यंत्राच्या मागच्या पत्र्यात) ग्रीस भरणं आणि इन्व्हर्टमधला (बोगद्याच्या तळातला) चिखल उपसणं. मग इरेक्टरचा, म्हणजे सेगमेंट उचलून बसवणाऱ्या यंत्राच्या हाताचा, रिमोट हातात आला. तीन टनांच्या वरचा काँक्रीटचा तुकडा डोक्यावरून फिरवायचा आणि खालच्या माणसाची बोटं शाबूत ठेवायची. इरेक्टरवर वर्षभर काढलं आणि मग केबिनमध्ये उस्तादाशेजारी स्टूल मिळालं. उस्ताद ओडिशाचे, दिल्ली मेट्रोत यंत्र चालवून आलेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "स्क्रीन बाद में देख. पहले स्क्रू का मुँह देख, क्या उगल रहा है." खणलेला माल बाहेर आणणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरच्या तोंडाशी कॅमेरा असतो. त्यात मक (खणलेली दगड-माती) कसा पडतो हे मी चार महिने बघत होतो. टूथपेस्टसारखा आला तर ठीक. पाण्यासारखा पचकन आला तर गेट बंद. खडखड करत सुका आला तर फोम बघ (माती मऊ करायला तो सोडतात).

एक सवय त्यांनी जबरदस्तीने लावली. प्रत्येक रिंगला, म्हणजे सेगमेंट जोडून होणाऱ्या एका कड्याला, मकचे किती डबे भरले आणि यंत्र कितव्या मिलीमीटरला पोचलं तेव्हा भरले, हे केबिनच्या पत्र्यावर खडूने लिहायचं. मला हसू यायचं. कोट्यवधींचं यंत्र, दर सेकंदाला शेकडो आकडे नोंदवतंय, आणि आम्ही दूधवाल्यासारख्या रेघा मारतोय.

हिशोब सोपा आहे. आमचं कटरहेड (पुढचं फिरणारं खणायचं चाक) ६.६ मीटर व्यासाचं, रिंग १.४ मीटर लांबीची. म्हणजे एका रिंगला जागेवरचा जवळपास ४८ घनमीटर दगड-माती. खणल्यावर ते फुगतं, आमच्याकडे साधारण दीडपट. लोकोला (बोगद्यातल्या छोट्या रेल्वेगाडीला) पाच डबे, पंधरा-पंधरा घनमीटरचे. म्हणजे यंत्र पुढे ढकलणारे जॅक १,४०० मिलीमीटरला पोचतात तेव्हा पाचवा डबा भरत आलेला पाहिजे, काठोकाठ नाही. त्याआधीच भरला, तर जास्तीची माती आली कुठून? वरून. आणि वर रस्ता आहे.

पुढे मी स्वतः यंत्र चालवायला लागलो. ज्या रात्रीमुळे ते सर्टिफिकेट मिळालं, त्या रात्री आम्ही मिक्स्ड फेसमध्ये होतो (फेस म्हणजे समोरची खणायची भिंत). खाली चांगला बेसॉल्ट, वर कुजलेला दगड आणि भराव. मुंबईत हे नवीन नाही. असा फेस आला की खालचा दगड यंत्राला पुढे सरकू देत नाही. थ्रस्ट (ढकलायचा जोर) चढतो, पेनिट्रेशन (एका फेऱ्यात किती पुढे गेलो ते) पडतं. पण स्क्रू आपला फिरतच असतो, आणि त्याला दगड मिळाला नाही तर तो वरची मऊ माती ओढतो. यंत्र जागच्या जागी आणि डबे मात्र भरताहेत. हे ज्याला पोटातून कळलं तो पायलट, म्हणजे खरा ऑपरेटर.

पहिल्या रिंगला पाचवा डबा १,४०० लाच भरला, पण काठोकाठ. मी रेघ मारली आणि गप्प बसलो. दुसऱ्या रिंगला तो १,३०० लाच भरला. उरलेल्या शंभर मिलीमीटरसाठी दुसरी गाडी मागवावी लागली. तेव्हाही मी गप्प बसलो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो: त्या महिन्यात रिंगांवर इन्सेंटिव्ह होता, आमची शिफ्ट दुसऱ्या शिफ्टच्या चार रिंगा मागे होती, आणि घरी बहिणीचं लग्न ठरलं होतं. स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. वरच्या सेन्सरवर फेस प्रेशर, म्हणजे समोरच्या भिंतीवरचा दाब, १.१ बार. मक नेणाऱ्या बेल्टवरचा वजनकाटा महिनाभर उलटसुलट दाखवत होता आणि त्याचं कॅलिब्रेशन 'पुढच्या मेंटेनन्सला' होणार होतं, म्हणून त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

मग रिंग लावायला थांबलो तेव्हा एक गोष्ट दिसली. इरेक्टर फिरत होता, खणणं बंद होतं. अशा वेळी प्रेशर थोडं थोडं उतरतं, फोममधली हवा निघून जाते, आकडा हलत राहतो. खालचे सेन्सर हलत होते. वरचा १.१ वर ठाम. वीस मिनिटं, १.१. जिवंत सेन्सर कधी इतका शांत बसत नाही. त्याच्या तोंडावर चिखल घट्ट बसला होता आणि तो जुनाच आकडा दाखवत होता.

तिसऱ्या रिंगला पाचवा डबा १,१५० ला भरला. मी स्क्रू थांबवला, गेट बंद केलं, कटरहेड थांबवलं आणि फोन लावला.

शिफ्टचे साहेब आले. मी पत्र्यावरच्या रेघा दाखवल्या. साहेबांनी स्क्रीन बघितली. म्हणाले, "एक पॉइंट एक आहे की. काय प्रॉब्लेम आहे?" मी म्हटलं, सेन्सर मेलाय. मग त्यांनी जे म्हटलं ते मला आजही झोपेत ऐकू येतं: "तू पायलट आहेस, जिओलॉजिस्ट नाहीस. बटण दाबायचे पैसे मिळतात, ते दाब." मी म्हटलं, वर सर्व्हेवाल्यांना सेटलमेंट पॉइंट (रस्ता खचतोय का ते मोजायच्या खुणा) बघायला सांगा, मग दाबतो. ते म्हणाले, रात्री अडीचला कुणाला उठवू? आणि दुसऱ्या एका पोराला माझ्या जागी बसवलं. पोरगा चांगला होता, नवीन होता. त्याने रिंग पूर्ण केली. त्याला मी दोष देत नाही. त्याला कुणी थांबायला शिकवलंच नव्हतं.

पहाटे फुटपाथचे पेव्हर ब्लॉक खचले. वरून बघितलं तर बादलीएवढं भोक. आत बॅटरी मारली तर माणूस उभा राहील एवढी पोकळी. नशिबाने तिथे कुणी नव्हतं. बॅरिकेड लावले, काँक्रीट ओतलं, दुपारपर्यंत वरून काही कळणारही नाही असं केलं.

मग चौकशी. अहवालात मूळ कारण लिहिलं होतं: 'ऑपरेटरचे प्रशिक्षण अपुरे.' कुठल्या ऑपरेटरचं ते लिहिलं नव्हतं. मला पाच दिवसांच्या रिफ्रेशरला पाठवलं. एसी हॉल, सिम्युलेटर, जेवणात पनीर. शिकवणारा माणूस खरंच जाणकार होता. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "सर, पाचवा डबा १,१५० ला भरला तर काय करायचं?" ते म्हणाले, "थांबवायचं आणि कळवायचं." मी विचारलं, "आणि इनचार्ज म्हणाला की चालव, तर?" हॉलमध्ये शांतता. मग ते म्हणाले, "तो एचआरचा विषय आहे." मला ५० पैकी ४७ मिळाले. तेच ते लॅमिनेटेड सर्टिफिकेट.

आता तुमच्या प्रश्नाकडे.

डिप्लोमा पुरेसा आहे. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, मेकाट्रॉनिक्स, काहीही चालतं. कॉलेजात शिकून कुणी पायलट होत नाही. मुंबई मेट्रो ३ वर एका शहराखाली १७ टीबीएम चालली, ४२ वेळा ब्रेकथ्रू झाला. माझ्या ओळखीतले त्यातले बहुतेक पायलट यंत्रावरच शिकले, कुणाच्या तरी शेजारी स्टुलावर बसून. लंडनला क्रॉसरेल या भुयारी रेल्वेच्या वेळी २०११ मध्ये इलफर्डला बोगदेवाल्यांसाठी वेगळी अकादमीच काढली होती. आपल्याकडे यंत्राला नदीचं नाव ठेवायचं, नारळ फोडायचा, फोटो काढायचा, आणि पोराला सांगायचं, बस, बघ, शिकशील. (पुण्याच्या मेट्रोची मुळा, मुठा, पवना ही नावं मला आवडली होती, ते सोडा.)

तेव्हा कंत्राटदाराकडे ट्रेनी म्हणून घुसा आणि सेगमेंट, ग्राउटिंग किंवा मेंटेनन्सला लागा. केबिनची घाई करू नका. यंत्र जोडायचं काम निघालं तर हात वर करा. कारखान्याची माणसं येतात तेव्हा त्यांच्या मागे मागे फिरा, हायड्रॉलिकच्या लाइनी तेव्हाच उघड्या दिसतात. एकदा यंत्र खाली गेलं की सगळं पत्र्याआड. ग्राउटच्या पंपावरही महिना काढा. रिंगमागची फट किती भरली, किती दाबाने भरली, हे केबिनमधल्या माणसाला माहीत नसेल तर त्याने पुढे काय खणलं त्याचा अर्धाच हिशोब लागतो.

सेफ्टीचं म्हणाल तर माझ्या पाहण्यात बहुतेक माणसं केबिनमध्ये जखमी होत नाहीत. लोकोखाली होतात, इरेक्टरच्या टप्प्यात होतात, उचलल्या जाणाऱ्या सेगमेंटखाली होतात. म्हणून ऑपरेटरचं सेफ्टी ट्रेनिंग म्हणजे हेल्मेट आणि हार्नेस नव्हे. रस्ता, त्यावरची माणसं आणि रिंगमधली गँग, सगळे तुमच्या मोजण्यावर उभे असतात. ३१ ऑगस्ट २०१९ ला कोलकात्यात बऊबाजारला 'चंडी' नावाचं यंत्र पाणथळ थराला लागलं, बोगद्यात पाणी घुसलं आणि वरची जुनी घरं कोसळली. ते ऑपरेटरमुळे झालं असं मी म्हणत नाही, एवढ्या मोठ्या गोष्टी केबिनमध्ये ठरत नाहीत. पण जमिनीने पहिला निरोप धाडला की तो केबिनमध्येच येतो.

एक गोष्ट साइटवर बघून शिकू नका: कटर बदलायला दाबाच्या हवेत जाणं. त्यासाठी डॉक्टरी तपासणी, रीतसर ट्रेनिंग, शिकलेला लॉक अटेंडंट (दाबाची खोली सांभाळणारा), सगळं कागदावर पाहिजे. बाहेर येताना दाब हळूहळू उतरवावा लागतो, नाहीतर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि सांधे धरतात. सर्दी झाली असेल तर सरळ नाही म्हणा. कान फाटतो. आमच्यातला एकजण 'अर्धा तास लवकर काढा' म्हणून मागे लागला होता. अटेंडंटने ऐकलं नाही. तो अटेंडंट अजून माझा दोस्त आहे.

सिम्युलेटरबद्दल मी जरा जास्तच बोललो असेन. अलार्म एकामागून एक वाजले की काय आधी बघायचं, आग लागली तर कशाचा क्रम काय, रोल सुटला (यंत्रच स्वतःभोवती कलायला लागलं) तर कटरहेड कुठल्या बाजूला फिरवायचं, हे तिथे चुकून शिकता येतं आणि कुणाचं काही जात नाही. ते करा. फक्त त्यात वास नाही, स्क्रूचा आवाज नाही आणि रात्रीच्या अडीचची झोप नाही. आणि सगळे साहेब सारखे नसतात. पुढच्या प्रोजेक्टवर मला असे एक भेटले की त्यांनी केबिनमध्ये स्वतःच्या सहीचा कागद चिकटवला होता: मकचा हिशोब चुकला तर पायलट थांबवेल, कुणाला विचारायची गरज नाही. त्या साइटवर मी चार वेळा थांबवलं. तीनदा काहीच नव्हतं. एकदाही कुणी तोंड वाकडं केलं नाही.

मुलाखतीत हेच विचारा. "सर, पायलटने यंत्र थांबवलं तर पुन्हा चालू करायचं कुणाच्या सहीने?" उत्तर लगेच आलं तर तिथे जा. "तसं काही नसतं, बेटा" आलं तर चहा प्या आणि निघा. पगार किती मिळतो हेही विचारलं होतंत; सुरुवातीला कमी, पायलट झाल्यावर बरा, आणि नाइट शिफ्टमुळे निम्मा डॉक्टरला.

आणि ते साहेब कधी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. यंत्राचा डेटा लॉग कुणी पुसत नाही. तिसऱ्या रिंगच्या वेळी वरच्या सेन्सरची रेघ बघा, शेजारच्या दोन सेन्सरच्या रेघा बघा, आणि गाडी कितव्या मिलीमीटरला बाहेर गेली ते बघा. १,१५०. माझ्याकडे पत्र्याचा फोटो आहे, खडू स्पष्ट दिसतो.