सूचीतली सुई

निपाणीला अक्षरजुळणी करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, इनडिझाइन या पानांची मांडणी करण्याच्या संगणक-प्रणालीत ग्रंथाच्या शेवटी शब्द व त्यांचे पृष्ठांक देणारा जो 'इंडेक्स' तयार होतो त्याला मराठीत अनुक्रमणिका म्हणावे, निर्देशांक म्हणावे की सूची. आणि वारंवार लागणारी चित्रे, चौकटी व बोधचिन्हे ज्या 'लायब्ररी'त साठवतात तिला ग्रंथालय म्हटलेले चालेल का. प्रकाशकाने "मागे अनुक्रमणिका जोडा" असे सांगितल्यामुळे त्यांनी प्रकरणांची यादीच शेवटच्या पानावर नेली आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. चूक त्यांची नव्हे, सांगणाऱ्याची आहे. बेळगाव-खानापूरकडच्या छापखान्यांत हा शब्द मी वर्षानुवर्षे असाच भलत्या जागी ऐकत आलो आहे.

अनुक्रमणिका ग्रंथाचा क्रम सांगते. कात्यायनाची सर्वानुक्रमणी ऋग्वेदातील सूक्ते जशी येतात त्याच ओळीने त्यांचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद देते. काही कोशकार 'इंडेक्स'पुढेही अनुक्रमणिका हाच शब्द देतात आणि अकारविल्हे हाही एक क्रमच आहे, असे त्याचे समर्थन केले जाते. हे समर्थन मला मुळीच मान्य नाही. 'अनु' म्हणजे मागोमाग. अकारविल्हे मांडणी ग्रंथाच्या मागोमाग जात नाही, ती ग्रंथाचा क्रम मोडून वर्णमालेचा क्रम लावते. निर्देशांक हा शब्द बाजारभावांच्या आकड्यांसाठी रुळला आहे, तो तिथेच राहू द्यावा.

योग्य शब्द सूची हाच आहे, आणि त्याचे मूळ फार सुंदर आहे. संस्कृतात सूची म्हणजे सुई. प्राकृतात मधला चकार गळून 'सूई' झाले व त्यातून आपली सुई आली. कानडीने मात्र चकाराचा जकार करून 'सूजी' राखली, आणि लोहचुंबकाला तर 'सूजिगल्लु', म्हणजे सुईचा दगड, असे नाव दिले. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरांत सुई आणि सूजी हे दोन्ही शब्द एकाच वेळी कानांवर पडतात, पण ग्रंथामागची सूची त्यांचीच सख्खी बहीण आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियामुळांच्या यादीत, 'सूच पैशुन्ये' असे आहे, म्हणजे चहाडी करणे. त्यावर बोट ठेवून काही पंडित सूचना, सूचक हे शब्द सुईपासून वेगळे काढतात. मला ते पटत नाही. टोकदार वस्तू नेमकी जागा दाखवते, आणि गुपित दाखवून देणे हीच तर चहाडी. नाट्यशास्त्रातील 'सूचीमुख' या हस्तमुद्रेत तर्जनी ताठ धरतात. लॅटिनमध्ये 'इंडेक्स'चा अर्थही तर्जनीच आहे, आणि त्यातला धातू आपल्या 'दिश्'चा, म्हणजे दिशा व निर्देश या शब्दांचा, सगोत्र आहे. दोन दूरच्या भाषांनी एकाच बोटावरून एकाच कामाचे नाव घ्यावे, याचा मला प्रत्येक वेळी नव्याने आनंद होतो.

इनडिझाइनची रीतही या अर्थाला धरूनच आहे. मजकुरातील 'राजहंसगड' हा शब्द निवडून नोंद केली की त्या जागी एक न छापली जाणारी खूण रोवली जाते, कापडात सुई खोचून ठेवावी तशी. पुढे मजकूर दोन पाने सरकला तरी खूण शब्दाबरोबरच सरकते. सूची पुन्हा तयार करण्याची आज्ञा मात्र द्यावी लागते, नाहीतर जुनेच पृष्ठांक छापले जातात. 'येळ्ळूरचा किल्ला: राजहंसगड पाहा', 'वेणुग्राम: बेळगाव पाहा' अशा नोंदी आपल्या भागाच्या इतिहासग्रंथात हव्यातच, कारण येथे एकाच स्थळाला दोन-तीन नावे असतात. देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेतांक देणारी युनिकोड पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळणी केली असेल तर संगणकाला दिसतात ती रोमन अक्षरांची स्थाने, आणि मग 'क'च्या आधी 'म' येऊन बसतो. अशा वेळी नोंदीच्या 'सॉर्ट बाय' या रकान्यात क्रमासाठी वेगळी अक्षरे द्यावीत.

लायब्ररीला ग्रंथालय म्हणू नये, तिथे ग्रंथ नसतात. मी तिला कोठी म्हणतो आणि आतल्या वस्तूंना जिन्नस. कोठीतला जिन्नस पानावर घेतला तरी मूळ जागी शिल्लक राहतो आणि पानावरची प्रत कोठीपासून स्वतंत्र होते, म्हणून बोधचिन्ह बदलल्यास आधी लावलेल्या प्रती एकेक करून बदलाव्या लागतात. प्रत्येक जिन्नसाला नाव व दोन शब्दांचे वर्णन अवश्य द्यावे; त्यावरूनच तो पुढे शोधता येतो.