पिवळा त्रिकोण दिसला की लगेच फॉरमॅट नको

या वेळच्या बहुतेक पत्रांत एक वाक्य सारखंच आहे : ‘दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल.’ ड्रायव्हर हा विंडोज आणि संगणकाचा सुटा भाग यांच्यामधला दुभाषा असतो. बोलणं तुटलं की नाव त्याचं येतं. पण पलीकडचा भागच मुका झाला असेल, तर दुभाषा बदलून काय होणार? म्हणून आधी दोष कुणाचा ते ठरवायचं आणि मगच काही पुसायचं.

प्रश्न : माझं फ्लेक्स डिझाइनचं काम आहे. डेस्कटॉपला ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. एप्रिलपासून मोठी फाइल उघडली की पडदा काळा होतो, दोन-तीन सेकंदांनी परत येतो आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग’ असा संदेश दिसतो. कधीकधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये (संगणकाच्या भागांची विंडोजमधली यादी) कार्डावर पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ येतो. दोनदा फॉरमॅट केलं, ड्रायव्हर नवा टाकला, पण आठ दिवसांत परत तेच. सकाळी मात्र सहसा होत नाही. – एक वाचक, महाल

उत्तर : तुमच्या पत्रात सगळ्यांत कामाच्या गोष्टी दोन : एप्रिलपासून सुरू झालं आणि सकाळी होत नाही. ड्रायव्हर म्हणजे फाइलींचा संच, त्याला सकाळ-दुपार कळत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी हवाच चाळिशीला पोचलेली असते आणि कार्डाचा पंखा तीच हवा ओढून कार्ड गार करायला बघतो. तेव्हा पहिला संशय उष्णतेचा, मग एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणारा डबा), मग स्लॉटमधल्या (कार्ड बसतं ती खाच) संपर्काचा. ड्रायव्हरची पाळी त्यानंतर.

संदेशाचा अर्थ असा : विंडोज कार्डाला काम देते आणि दोन सेकंद वाट बघते. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर कार्ड अडकलं असं धरून ड्रायव्हर रीसेट करते. तोच तुमचा काळा पडदा. कोड ४३ सुद्धा हेच सांगतो, की भागाने बिघाड कळवला म्हणून विंडोजने तो थांबवला. कोड २८ असता (ड्रायव्हर टाकलेलाच नाही) किंवा कोड ३९ असता (ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब), तर ड्रायव्हरकडे आधी वळणं बरोबर होतं.

आता तपासणी. स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम निवडा आणि ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये ४१०१ हा आकडा टाका. पडदा काळा झाल्याच्या वेळा तारखेसह समोर येतील, त्या कागदावर उतरवा. बारा ते पाचच्या दरम्यान दाटी दिसली, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. मग टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डावर) क्लिक करा. नव्या विंडोजमध्ये तिथेच कार्डाचं तापमान दिसतं. फाइल चालू असताना आकडा ८५ च्या पुढे सरकत असेल, तर कार्ड दमलेलं आहे.

यानंतरची परीक्षा फुकट आहे. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, समोर टेबल फॅन लावा आणि तीच फाइल भर दुपारी अर्धा तास चालवा. पडदा एकदाही काळा झाला नाही, तर तुमचा ड्रायव्हर निर्दोष आहे. मात्र इथे कूलरचा झोत वापरू नका, एरवीही कॅबिनेटवर येऊ देऊ नका. कूलरची हवा ओली असते. ती आतल्या धुळीला धरून हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) फटींत नमद्यासारखा थर बसवते आणि कार्डाच्या सोनेरी पट्टीवर काळपट डाग आणते. नागपूरच्या उन्हाळ्यात हा त्रास फार होतो, आणि त्याचं खापर ड्रायव्हरवर फुटतं.

साफसफाई करताना संगणकाची पिन भिंतीच्या सॉकेटमधून काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून कार्ड सरळ वर उचला. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, भुगा ब्रशने झाडा. कार्ड चार-पाच वर्षांचं असेल, तर चिपवरची थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळून खडूसारखी झालेली असते. ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट पातळ पसरवून घ्या.

तरीही पडदा काळा होतच असेल, तर एसएमपीएसचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं, त्याकडे बघू नका. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. १८ अँपिअर असतील, तर १२ ला १८ ने गुणून २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांनी मिळून तेवढ्यातच भागवायचं असतं. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनांच्या वायरीतून आणखी ७५. मल्टिमीटर असेल तर मोठी फाइल चालू असताना एसएमपीएसच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीमधला विद्युतदाब मोजा. तो ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवा. रिकाम्या संगणकावर १२.१ आणि काम सुरू होताच ११.२ दिसत असेल, तर एसएमपीएस बदला, कार्ड नको.

आणखी एक खूण : मशीन चालू केल्यावर बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या, पडद्यावरच रेघा, ठिपके किंवा चौकोन दिसतात का? त्या वेळी विंडोजचा ड्रायव्हर लोडच झालेला नसतो. तिथे कचरा दिसला, तर तो कार्डाचा, केबलचा किंवा मॉनिटरचा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच मोफत प्रणाली) टाकून, ते इन्स्टॉल न करता नुसतं ‘ट्राय’ करून बघितलं तरी असाच निवाडा होतो. दोन्हीकडे बिघाड दिसला, तर विंडोज पुन्हा टाकण्यात एक तासही घालवू नका.

हे सगळं निर्मळ निघालं तरच ड्रायव्हर. कंपनीच्या साइटवरून तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा आणि सोबत ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे मोफत साधनही घ्या. लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. नेट चालू राहिलं तर विंडोज मधेच आपला ड्रायव्हर टाकून मोकळी होते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, परत रीस्टार्ट, आणि ४ दाबून सेफ मोड. तिथे साधन चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, मग नेहमीच्या विंडोजमध्ये येऊन नवा टाका. सर्वांत ताजी आवृत्तीच हवी असं नाही. कार्ड जुनं असेल तर वर्षभरापूर्वीची स्थिर आवृत्ती पुष्कळदा जास्त नीट चालते.

प्रश्न : धान्याच्या व्यवहारासाठी इलेक्ट्रॉनिक काटा यूएसबी-सिरिअल केबलने संगणकाला जोडला आहे. जुन्या मशीनवर सात वर्षं बिनतक्रार चालला. नव्या डेस्कटॉपवर विंडोज ११ आहे. तिथे केबलच्या नावाजागी ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२’ असं काहीतरी येतं आणि बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये वजन उमटत नाही. काटा बिघडला का? – एक अडते, कळमना

उत्तर : काटा उघडू नका. त्यावर वैधमापन खात्याचं सील असतं आणि दोष तिथे असल्याची काहीच खूण नाही.

तुमच्या केबलच्या जाड टोकात प्रोलिफिक कंपनीची जुनी चिप आहे किंवा तिची नक्कल. या चिपच्या नकला बाजारात इतक्या झाल्या, की कंपनीने नव्या ड्रायव्हरमधून या जुन्या पिढीचा आधारच काढून टाकला. चिप धडधाकट आहे, पण नवा ड्रायव्हर तिला ओळखायला तयार नाही. कधी हेच कोड १० म्हणून दिसतं.

तात्पुरता उपाय : डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’. यादीत ३.३ ने सुरू होणारी जुनी आवृत्ती असेल तर ती निवडा. पण विंडोज अपडेट एखाद्या दिवशी परत नवा ड्रायव्हर बसवेल, आणि तो दिवस नेमका आवकेच्या गर्दीचा निघेल. म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे : सीताबर्डीतून सीएच३४० किंवा एफटीडीआय चिपची केबल घ्या. दुकानात ‘यूएसबी टू सिरिअल’ एवढंच न म्हणता चिपचं नाव विचारा.

केबल बदलल्यावर आणखी एक अडचण येते आणि बरेच जण तिथेच हात टेकतात. जुनी केबल कॉम ३ वर (विंडोज केबलला देते तो पोर्ट नंबर) होती, नवी कॉम ५ वर बसली, सॉफ्टवेअर मात्र कॉम ३ कडेच डोळे लावून बसलेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड असं जाऊन नंबर ३ करा. ‘हा नंबर वापरात आहे’ असं विंडोज म्हणेल, तो जुन्या केबलचा शिल्लक हिशेब असतो. मोडेम किंवा दुसरं काही त्या नंबरवर जोडलेलं नसेल, तर होय म्हणा. बॉड रेट (आकडे पाठवण्याचा वेग) काट्याच्या पुस्तिकेत असेल तोच सॉफ्टवेअरमध्ये हवा. बहुधा ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. सीएच३४० ची केबल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की नंबर पुन्हा बदलतो. त्यामुळे ठरलेल्या खाचेशेजारी रंगीत टेप चिकटवा आणि हमाल-दिवाणजींनाही सांगून ठेवा.

तरी वजन येत नसेल, तर केबल काट्यापासून सोडवा. तिच्या ९ पिनांच्या टोकात २ आणि ३ नंबरची पिन तारेच्या तुकड्याने जोडा. पुटी हा मोफत प्रोग्रॅम सिरिअल पोर्टवर उघडा, फ्लो कंट्रोल ‘नन’ ठेवा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेली अक्षरं पडद्यावर उमटली, तर केबल, ड्रायव्हर, पोर्ट तिन्ही ठीक. आता काटा दुरुस्त करणाऱ्या अधिकृत कारागिराला बोलवा.

प्रश्न : विंडोज अपडेटनंतर स्पीकरचा आवाज गेला. ड्रायव्हर परत टाकू का? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आधी घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट बघा. अपडेटनंतर बऱ्याचदा आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरकडे वळतो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. आउटपुट बरोबर असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ध्वनीच्या भागाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते बटण फिकट असेल तर जुनी प्रत उरलेली नाही. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट’ करून देणारे प्रोग्रॅम मात्र विकत काय, फुकटही घेऊ नका. ते मिळत्याजुळत्या नावाचा ड्रायव्हर बसवतात आणि एका दोषाचे चार होतात.

प्रश्न : विंडोज ११ नव्याने टाकली. आता लॅनही नाही आणि वायफायही नाही. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर! – एक विद्यार्थिनी, सक्करदरा

उत्तर : अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. विंडोजला यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नुसती चार्जिंगची केबल चालणार नाही. नेट आलं की विंडोज अपडेट एकदा चालवा, बहुधा लॅन तिथेच जागं होतं.

नाही झालं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’च्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं जा. ‘व्हेन’च्या (VEN) पुढची चार अक्षरं चिपची कंपनी सांगतात : ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक. ‘डेव्ह’च्या (DEV) पुढची चार नेमकं मॉडेल सांगतात. मदरबोर्डचं नाव सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’समोर असतं. त्या नावाच्या पानावरून आधी चिपसेटचा ड्रायव्हर टाका, मग लॅनचा. काम झाल्यावर लॅनची तेवढी फाइल एका पेनड्राइव्हवर ठेवून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवून द्या.